बोटीच्या इंजिनाचं कूलंट बदलताय? या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बोटी वर ओढलेल्या, त्यामुळे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) काम बहुतेक जण याच दोन महिन्यांत उरकतात. आणि उरकतात म्हणजे अगदी उरकतातच. दुकानात जो कॅन हाताला लागला तो ओतला, वर विहिरीचं पाणी, झालं काम. मग ऑगस्टमध्ये बाहेर वीस-पंचवीस वाव पाण्यात गेल्यावर इंजिन तापतं आणि तांडेल (बोटीचा प्रमुख) मिस्त्रीला फोन लावत बसतो, तिकडे रेंज नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आपल्या कोकणात कुठे बर्फ पडतो, साधं पाणी चालतं की". बर्फाचं बरोबर आहे, अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही आणि आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी केमिकल असतात, आपण पैसे त्याचे देतो. मोठ्या डिझेल इंजिनात लायनर (ज्यात पिस्टन वरखाली होतो ती नळी) थेट पाण्यात बसलेला असतो, प्रत्येक स्फोटाला तो थरथरतो, त्या थरथरीने त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होतात आणि तिथेच फुटतात, असं लाखो वेळा झालं की लोखंड कुरतडलं जातं. लायनर काढून बघा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. एखादं आरपार गेलं की पाणी चेंबरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये. म्हणून कॅनवर हेवी ड्यूटी डिझेलसाठी असं लिहिलंय का ते बघा, एएसटीएम डी६२१० हा स्टँडर्डचा नंबर असेल तर उत्तम. डी३३०६ म्हणजे कार-जीपचं, ते सहा सिलिंडरच्या बोटीच्या इंजिनात नको.

पाण्याचं तर विचारूच नका. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड लागलं तरी इंजिनाला गोड असेलच असं नाही. इंजिन कंपन्या साधारण लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड नको म्हणतात, आणि समुद्राच्या पाण्यात ते असतं १९,००० च्या आसपास, म्हणजे एका लिटर चांगल्या पाण्यात दोन-तीन मिली खारं पाणी गेलं तरी लिमिट संपली. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, बाकी खर्चाच्या मानाने ते फुकटच आहे. आणि कॅनवर नीट वाचा, रेडी मिक्स असेल तर त्यात अजून पाणी ओतायचं नसतं. उलटं पण करू नका, काही जण "जास्त स्ट्राँग" म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरतात, पण त्याची उष्णता वाहून न्यायची ताकद पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे इंजिन जास्तच तापतं.

रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे जुनं, लाल म्हणजे लाँग लाइफ असा काही कायदा नाही, कंपनीला वाटेल तो रंग ती टाकते. व्होल्वो पेन्टाचं हिरवं आणि पिवळं कूलंट आहे, दोन्ही त्यांचीच, तरी एकत्र करू नका म्हणून कंपनी स्वतः सांगते. चुकीचं मिक्स झालं की एकतर केमिकलची ताकद जाते नाहीतर जेलीसारखा गाळ होऊन हीट एक्स्चेंजरच्या (खाऱ्या पाण्याने कूलंट थंड होतं त्या भागाच्या) नळ्यांत बसतो. आधी काय भरलंय ते माहीत नसेल तर पूर्ण काढा, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग भरा.

पूर्ण काढा म्हणजे ब्लॉकचा पण ड्रेन प्लग उघडा. नुसता खालचा होज सोडला की टाकीतलं येतं, ब्लॉकमधलं बरंचसं आतच राहतं. प्लग काढूनही थेंब येत नसेल तर "रिकामं झालं" समजू नका, गाळाने भोक बुजलेलं असतं, तार घालून बघा, बदाबदा येईल. कील कूलिंगवाल्यांनी (ज्यांचं कूलंट बोटीच्या तळाला लावलेल्या पाइपातून फिरून थंड होतं) तळाच्या पाइपातलं पाणी पण हिशोबात धरा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे ठराविक डिग्रीला उघडणारा व्हॉल्व्ह. इंजिन तापतं म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे जुनी खोड आहे आणि सांगून सांगून थकलो. बऱ्याच मरीन इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला तर निम्मं पाणी एक्स्चेंजरकडे न जाता तसंच गरमागरम परत फिरतं, म्हणजे लोडवर उलट जास्त तापणार, आणि हळू चालवताना थंड राहून काजळी धरणार ती वेगळीच. शंका आहे ना, मग भांड्यात पाणी तापवा, थर्मामीटर लावा, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून आत सोडा, त्याच्यावर छापलेल्या डिग्रीला उघडायला लागला तर तो चांगला आहे, गप परत बसवा.

तापलं की सगळे कूलंटलाच शिव्या घालतात पण बोटीत पाणी दोन, आतलं गोडं आणि बाहेरचं खारं. आधी एक्झॉस्टमधून खारं पाणी नेहमीसारखं पडतंय का बघा. कमी पडत असेल तर सी कॉक (खारं पाणी आत घ्यायचा व्हॉल्व्ह), जाळीत अडकलेलं प्लास्टिक किंवा जेलीफिश, इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या रबरी चक्राची) तुटलेली पाती बघा (तुटलेला तुकडा पुढे एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडतो, तो काढल्याशिवाय नवीन इम्पेलर टाकून उपयोग नाही), कूलंट बदलून काही होणार नाही. पाणी व्यवस्थित पडतंय आणि तरी तापतंय, मग आतल्या बाजूला या. टाकीत सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय. डिपस्टिकवर दुधट ऑइल म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलंय, इंजिन चालवूच नका. आणि कूलंटची लेव्हल रोज उतरते पण बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे) थेंब नाही, तर बहुतेक एक्स्चेंजरची नळी फुटलीय, चालू असताना आत प्रेशर जास्त म्हणून कूलंट समुद्रात जातं, बंद झाल्यावर खारं पाणी आत यायची भीती. झिंक (स्वतः गंजून एक्स्चेंजरला वाचवणारा तुकडा) शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

भरताना घाई नको. हळूहळू ओता, एअर ब्लीड स्क्रू असेल तो उघडा ठेवा, मग टोपण न लावता स्लो चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, लेव्हल अचानक खाली जाईल, तेवढं भरा. हवा अडकलेली असताना मीटरवर विश्वास ठेवू नका, सेन्सर पाण्याबाहेर असेल तर काटा निवांत दाखवतो आणि हेड तापत असतं. एक मात्र, बोट वर असताना हे करत असाल तर खाऱ्या पाण्याच्या पंपाला ड्रममधून पाणी द्या, कोरडा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. आणि नंतर गरम असताना "जरा बघतो" म्हणून टोपण फिरवू नका, चेहरा भाजलेली माणसं प्रत्येक बंदरावर आहेत.

काढलेलं कूलंट बिल्जमध्ये सोडू नका, तिथून पंपाने सरळ खाडीत जातं. उघड्या बादलीतही ठेवू नका, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, बंदरावरची कुत्री पितात आणि मरतात. जुन्याच कॅनमध्ये भरा, वर मार्करने लिहा आणि जळक्या ऑइलच्या कॅनपासून वेगळा ठेवा, एकत्र झालं तर ऑइलवाला पण घेत नाही.