बाल्साच्या किटमधलं विमान: धड सरळ कसं जोडायचं

बाल्सा या हलक्या लाकडाच्या काड्यांपासून खेळातलं विमान बांधताना त्याचं धड शेपटीकडे एका अंगाला वळलं की त्याचं ‘केळं झालं’ म्हणतात. दोष डिंकाला दिला जातो, पण मूळ बहुतेक वेळा काड्यांच्या निवडीत असतं. पतंगाची कमान एका बाजूला जाड राहिली की पतंग एकीकडे झुकतो, हे उत्तरायणात गच्चीवर वाढलेल्या बडोदेकराला सांगायला नको. इथेही तोच प्रकार आहे.

खालची मापं सुमारे ९०० मिमी पंखविस्ताराच्या, ६०० मिमी धडाच्या, रबर किंवा छोट्या विद्युत मोटरवर चालणाऱ्या चौकोनी धडाच्या किटसाठी धरली आहेत. लांब कडेच्या चार काड्या, म्हणजे लाँजेरॉन, त्यांच्यामध्ये उभे-आडवे तुकडे आणि पुढच्या भागात लेझरने कापलेले फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटी, अशी ही रचना असते.

किट उघडल्या उघडल्या लेझरच्या पाटीतले सगळे भाग सुटे करू नका. आधी प्रत्येक भागावर पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि लागेल तेव्हाच तो भाग काढा. आराखड्यावर काम करायला झेरॉक्स काढली असेल, तर मूळ कागदावरची ३०० मिमीची रेघ तिच्यावर मोजून पाहा. मशीन एखादा टक्का जरी कमी-जास्त करत असेल, तरी त्या रेघेत ३ मिमीचा फरक पडतो. फॉर्मर मात्र लेझरच्या मापानेच कापलेले असतात, त्यामुळे खाचा जुळत नाहीत.

आता काड्या. ३ × ३ × ९०० मिमीची बाल्साची काडी मध्यम लाकडाची असेल तर सुमारे १.३ ग्रॅम भरते. हलकी ०.८ ग्रॅमपर्यंत उतरते, कडक १.६ च्या पुढे जाते. म्हणजे एकाच किटमध्ये, एकाच जाडीच्या दोन काड्यांत दुपटीचा फरक असू शकतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या आणि सगळ्या काड्या तोलून वजन टोकाला लिहा. मग प्रत्येक काडी टेबलाच्या कडेवरून ४०० मिमी बाहेर काढा, उरलेला भाग हाताने दाबून धरा आणि टोक किती झुकतं ते बघा. सारख्या झुकणाऱ्या चार काड्या लाँजेरॉनला. चार सारख्या मिळाल्या नाहीत तर दोन जोड्या करा: एक जोडी वरच्या लाँजेरॉनला, दुसरी खालच्या. डावी बाजू कडक आणि उजवी मऊ असं कधीही होऊ देऊ नका. शेपटीकडे दोन्ही बाजू जवळ ओढल्या की मऊ बाजू जास्त वाकते, आणि केळं तयार. सगळ्यात हलक्या काड्या शेपटीकडच्या उभ्या-आडव्या तुकड्यांसाठी ठेवा. शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला तोलायला नाकात साधारण तीन-चार ग्रॅम घालावे लागतात, कारण नाक आखूड असतं.

बांधायला सपाट सॉफ्टबोर्ड हवा. त्यावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहा. दिसला तर बोर्ड बदला. आराखडा, त्यावर पातळ पारदर्शक पॉलिथिन. साडीच्या पॅकिंगची पिशवी कापून पसरली तरी चालते, फेविकॉल तिला धरत नाही. टाचण्या काडीतून आरपार घालू नका, ३ मिमीची काडी उभी चिरते. काडीच्या दोन्ही अंगांना तिरप्या टाचण्या रोवून कात्री करा. पंखा बंद ठेवा, मे महिन्यातसुद्धा, नाहीतर कापलेले तुकडे खोलीभर शोधत बसावं लागतं.

नाकाकडे लाँजेरॉनला वळण असेल तर तेवढा भाग कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, आराखड्यावर वाकवून टाचण्यांत धरा आणि रात्रभर सुकू द्या. कोरडी काडी जबरदस्तीने वाकवून डिंकाच्या भरवशावर सोडली तर तिच्यातला ताण तसाच राहतो आणि बोर्डवरून उचलताच ती बाजू उसळते.

उभे तुकडे कापताना पातं नवं हवं. बोथट पातं बाल्सा कापत नाही, चिरडतं, आणि चिरडलेल्या टोकावर डिंक नीट बसत नाही. दोन बाजूंना लागणारे दोन तुकडे एकत्र धरून, रेघेपेक्षा केसभर मोठे कापा आणि सँडपेपरवर दोन-दोन घासे देऊन बसवा. तुकडा बोटाने हलकेच दाबल्यावर बसला पाहिजे आणि बोर्ड उलटा केला तरी पडता कामा नये. लांब झाला तर लाँजेरॉन बाहेर फुगतो. आखूड झाला तर फटीत डिंक भरण्याचा मोह होतो, आणि सुकताना आकसणारा फेविकॉल लाँजेरॉनला आत ओढतो. आखूड तुकडा सरळ फेकून द्या, लाकूड स्वस्त आहे.

पहिली बाजू झाली की तिच्यावर पॉलिथिनचा आणखी एक थर टाकून दुसरी तिच्याच डोक्यावर बांधा. सुकल्यावर दोन्ही एकत्र धरून कडा घासून घ्या. इथे नेहमीची चूक: आतून लावायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे डबलर, दोन्ही बाजूंना एकाच अंगाने चिकटवल्या जातात आणि दोन डाव्या बाजू तयार होतात. डिंक लावण्याआधी दोन्ही बाजू पुस्तकासारख्या उघडून ठेवा आणि ‘आत’ असं पेन्सिलीने लिहा.

जोडणीला सुरुवात मधून करायची, जिथे दोन्ही बाजू समांतर असतात. वरचा लाँजेरॉन सरळ असेल तर धड उलटं ठेवून वरून पाहिलेल्या आराखड्यावर उभं करा. पहिले दोन फॉर्मर किंवा आडव्या काड्या फेविकॉलनेच लावा. फेविक्विकने काम पटकन होतं खरं, पण हलवायला वेळ मिळत नाही, आणि धड सरळ करण्याचं सगळं काम याच पाच-दहा मिनिटांत असतं. प्रत्येक कोपऱ्याला पुठ्ठ्याचा काटकोन टेकवा. मग कर्ण मोजा: दोन्ही कर्णांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. रात्रभर हात लावू नका.

आपल्या बडोद्यात २०२४ साली सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या अंतिम जुळणीचा कारखाना सुरू झाला. केवढंही मोठं विमान असो, जोडताना ते साच्यात पकडलेलं असतं. आपला साचा म्हणजे बोर्ड, टाचण्या आणि पुठ्ठ्याचे काटकोन.

दुसऱ्या दिवशी शेपटी. दोन्ही टोकं आतून तिरपी घासा, म्हणजे जुळल्यावर जाडी एका काडीइतकीच राहील. आराखड्याच्या मध्यरेषेवर नाकापासून शेपटीपर्यंत शिवणाचा दोरा ताणून बांधा आणि टोकं बरोबर त्याच्यावर आणा. चिकटवण्यापूर्वी शेपटीकडून एका डोळ्याने पाहा. वळण दिसलं तर जी बाजू कमी वाकते तिच्यावर ओलं बोट फिरवा आणि थांबा. मग आडव्या काड्या मधून मागे, एकेक कप्पा करत, वरची आणि खालची जोडीने कापून लावा. नाक सगळ्यात शेवटी.

इतकं करूनही केळं झालंच तर हाताने पिळून सरळ करू नका, ते चार दिवसांत परत वळतं. दोऱ्यापासून सरकायला जिथे सुरुवात होते तो कप्पा शोधा, त्याच्या आडव्या काड्यांचे सांधे पातळ ब्लेडने मोकळे करा, धड बोर्डवर परत दोऱ्याला लावा आणि नवे तुकडे घाला. सांधा फेविकॉलचा असेल तर कोमट पाण्याने मऊ होतो, फेविक्विकचा असेल तर ॲसिटोनने.

मोटरची फळी ३ मिमी प्लायवुडची असते, तिला इपॉक्सी लावा. फेविक्विकचा सांधा ठिसूळ असतो, मोटरच्या थरथरीने आणि नाकावर आपटल्याने तो सुटतो. आराखड्यात मोटर २ अंश उजवीकडे आणि २-३ अंश खाली दाखवली असेल, तर तो कोन फळी लावतानाच द्या. ६० मिमी रुंद फळीवर २ अंश म्हणजे एका कडेला सुमारे २ मिमीचा फरक, ३ अंश म्हणजे ३ मिमी. ‘उजवीकडे’ म्हणजे वैमानिकाच्या उजवीकडे. नाकासमोर बसून काम करताना हे हमखास उलटं होतं.

वरच्या पातळ काड्या, म्हणजे स्ट्रिंगर, एक डावीकडची, एक उजवीकडची अशा पाळीपाळीने लावा. एका बाजूच्या सगळ्या आधी लावल्या तर सुकताना धड त्या बाजूला ओढलं जातं. शेपटीचे हलते भाग वळवायला तिकडे जाणाऱ्या सळ्यांच्या नळ्या, रबराची खुंटी बसायची चकती, बॅटरीची पट्टी, हे सगळं आत्ताच. धडावर आवरणाचा कागद चढल्यावर हात आत जात नाही. मग ठोकळ्याला २४० नंबरचा आणि नंतर ३२० चा सँडपेपर लावून लांबीच्या दिशेने घासा.

पावसाळ्यात फेविकॉल सुकायला दुप्पट वेळ धरा, तयार धड भिंतीला टेकवून ठेवू नका. सपाट फळीवर दोन ठिकाणी आधार देऊन ठेवा. पंखाची बैठक आणि शेपटीची बैठक मागून एका रेषेत दिसतात का, हे कागद चढवायच्या दिवशी पुन्हा एकदा पाहून घ्या. फरक असेल तर शेपटीची बैठक घासा, पंखाची नको.