सोयाबीनच्या प्रथिनाचं प्लॅस्टिक, शाळेच्या प्रयोगशाळेत

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं मक्याच्या पिठाचं प्लॅस्टिक करून आणतात. आमच्या लातूरकडे शिवारभर सोयाबीन असताना मका कशाला? सोयाबीनच्या प्रथिनाचा पिवळसर, आरपार दिसणारा कागद छान निघतो.

तेल काढलेलं सोयापीठ आणा, दुकानात ‘डीफॅटेड’ म्हणून मागा. त्यात जवळपास निम्मं प्रथिनच असतं. सोयावड्या दळून भागणार नाही. कारखान्यातच त्या इतक्या तापलेल्या असतात की त्यांचं प्रथिन पाण्यात नीट उतरत नाही.

100 ग्रॅम पीठ लिटरभर कोमट पाण्यात कालवा. धुण्याचा सोडा चिमटीने टाकत पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9 पर्यंत न्या. पीएचच्या कागदी पट्टीवर बघा, अंदाजपंचे नको. अर्धा तास ढवळून दुहेरी मलमलीतून गाळा. त्या दुधात थोडं थोडं व्हिनेगर सोडा. पीएच साडेचारच्या आसपास आला की प्रथिन फाटून खाली बसतं. फडक्यात बांधून टांगा, मग घट्ट पिळा.

यातला 25 ग्रॅम गोळा 100 मिली पाण्यात मोडा आणि पुन्हा सोडा घाला, या वेळी पीएच 10 पर्यंत. आत व्हिनेगर उरलेलं असतं, त्यामुळे मिश्रण फसफसतं. फेस बसू द्या, नाहीतर त्याच बुडबुड्यांची पुढे भोकं होतात. मग ग्लिसरीन, चहाचा अर्धा चमचा. कमी पडलं तर कागद पापडासारखा मोडतो, जास्त झालं तर हाताला चिकटतो. पावसाळ्यात हात आखडताच ठेवा, ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं.

स्टीलचं भांडं गरम पाण्यात ठेवून मिश्रण 80 अंशांवर 20 मिनिटं तापवा. अ‍ॅल्युमिनियम नको, सोडा ते खातो. या उष्णतेने प्रथिनाच्या घड्या उलगडतात आणि वाळताना त्यांची आपसात बांधणी होते. गाळून अ‍ॅक्रिलिकच्या सपाट ट्रेमध्ये दोनेक मिलिमीटर थर ओता. ट्रे समपातळीत हवा. गवंड्याकडची लेव्हल मिळाली तर उत्तम.

आता घाई नको. मुलं हमखास उन्हात ठेवायला धावतात, आणि कडा आधी आकसून कागद तडकतो. सावलीत दीड-दोन दिवस राहू द्या. कड बोथट सुरीने उचलली की पूर्ण कागद सुटून येतो.

पाण्यात तो फुगून लिबलिबीत होतो, त्यामुळे पिशवीचा नाद सोडा. बियाण्याच्या पुड्या करा, पुडीसकट मातीत पेरता येतात.