क्लाउड, एज आणि आयओटीच्या पायलटसाठी निधी मागताना या चुका टाळा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हवा दाबून यंत्रांना पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या वीजवापरावर लक्ष ठेवणारी आयओटी यंत्रणा (इंटरनेटला जोडलेले सेन्सर) पायलट, म्हणजे लहान प्रयोग, म्हणून बसवली गेली, तेव्हा तिच्या निधीचा प्रस्ताव लिहिण्यात माझाही हात होता. तीन महिन्यांत वीजबिल खाली आले, मालक समाधानी होते, आणि तो आकडा घेऊन आम्ही निधी देणाऱ्या समितीसमोर बसलो. एका सदस्याने इतकेच विचारले की, या तीन महिन्यांत कारखान्याने किती नग बनवले आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत किती. ती नोंद आमच्याकडे नव्हती. हवेची गळती सापडल्यामुळे वीज वाचली की ऑर्डर कमी असल्यामुळे यंत्रेच कमी चालली, हे आम्हाला सांगता येईना, आणि दुसरा हप्ता अडकला.

त्यानंतर इतरांचे बरेच प्रस्ताव वाचनात आले आणि बहुतेकांत हीच उणीव दिसली. पायलटचा निधी उपकरणे घेण्यासाठी मिळतो असे गृहीत धरून अंदाजपत्रक बनवले जाते आणि त्याला शोभेल असा उद्देश नंतर जोडला जातो. देणाऱ्याला मात्र एका प्रश्नाचे उत्तर हवे असते: हे तंत्रज्ञान या जागी, या माणसांच्या हातात, या खर्चात चालते का? तो प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर अर्ज आणखी महिनाभर थांबवावा.

आधीची मोजणी

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. यंत्रणा बसवल्याबरोबर सूचना आणि इशारे सुरू करण्याचा मोह आवरावा. पहिले तीन-चार आठवडे सेन्सर फक्त ऐकत राहावेत, कारखाना नेहमीसारखा चालावा, आणि त्या काळातील आकडे हा तुलनेचा पाया ठरावा. हा काळ प्रस्तावाच्या वेळापत्रकात स्वतंत्र टप्पा म्हणून लिहावा, म्हणजे तो वाया गेला असे कोणाला वाटत नाही.

एकक निवडतानाही विचार हवा. महिन्याचे एकूण युनिट हे एकक फसवे आहे. प्रति नग किंवा प्रति किलो माल किती युनिट लागले, हे सांगता आले पाहिजे. स्क्रू कॉम्प्रेसर हवा न देता नुसता फिरत असला, तरी पूर्ण भाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज घेतो, त्यामुळे उत्पादन निम्मे झाले म्हणून वीज निम्मी होत नाही, आणि केवळ बिलावरून काढलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

दुसऱ्या प्रयत्नात आम्ही चार आठवडे गप्प राहून मोजले. पुण्याच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पहिल्याच गुरुवारच्या आलेखात एकही यंत्र चालू नसताना कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी भार घेताना दिसला. कारखाना बंद असताना भरली जाणारी सगळी हवा गळतीतूनच जात होती, म्हणजे गळतीचा आकडा आम्हाला कोणताही इशारा सुरू करण्याआधीच हातात मिळाला होता.

शेतीच्या पायलटमध्ये हाच प्रश्न हंगामाच्या रूपाने येतो. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. जमिनीतील ओलावा मोजून पाणी वाचवण्याचा सहा महिन्यांचा प्रयोग डिसेंबरमध्ये मंजूर झाला, तर फळहंगाम अर्ध्यावर आलेला असतो आणि तुलना कशाशी करायची हेच उरत नाही. म्हणून प्रस्तावात तारखांऐवजी पिकाच्या अवस्था लिहाव्यात आणि मंजुरी लांबल्यास प्रयोग कोणत्या छाटणीपासून सुरू होईल, तेही नमूद करावे.

टप्पा ओळखल्याशिवाय केलेला अर्ज

भारतात या कामासाठी पैसा अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेची अपेक्षा वेगळी आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना कल्पनेपासून वस्तूच्या नमुन्यापर्यंतच्या प्रवासासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत करते. तिथे दहा कारखान्यांत बसवण्याचा आराखडा नेला, तर तो योजनेबाहेरचा ठरतो. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेच्या नियमांत संकल्पनेची पडताळणी, नमुना आणि चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आहे, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंतची रक्कम परिवर्तनीय (पुढे भागभांडवलात बदलता येणाऱ्या) कर्जरोख्यांच्या किंवा कर्जाच्या स्वरूपात आहे. ५० लाखांचा आकडा पाहून तेही अनुदानच समजणारे अर्जदार मला आजही भेटतात.

याच योजनेतील दोन अटी बारकाईने वाचाव्यात. अर्जाच्या वेळी कंपनीच्या नोंदणीला दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, आणि केंद्र वा राज्याच्या अन्य योजनेतून १० लाखांहून अधिक आर्थिक मदत घेतलेली नसावी. स्पर्धेतील बक्षिसाची रक्कम किंवा प्रयोगशाळेची सवलत या मर्यादेत धरली जात नाही, मात्र लहानसहान अनुदाने धरली जातात. कोणती रक्कम आधी घ्यायची, हा क्रम म्हणूनच कंपनी नोंदवण्यापूर्वी ठरवावा. निवड इन्क्युबेटरच्या, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेच्या, पातळीवर होते आणि प्रत्येकाकडील तरतूद मर्यादित असते, तेव्हा अर्ज भरण्याआधी योजनेची सद्यस्थिती आणि तेथील शिल्लक निधी विचारून घ्यावा. इतक्या साध्या फोनमुळे कित्येक आठवडे वाचतात.

सायबर-भौतिक प्रणालींचे (संगणक आणि प्रत्यक्ष यंत्रे जोडणाऱ्या प्रणालींचे) राष्ट्रीय अभियान डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाले आणि त्यातून देशभर २५ तंत्रज्ञान नवोन्मेष केंद्रे उभी राहिली. आयआयटी मुंबईतील केंद्राचा विषयच आयओटी आहे. दूरसंचाराशी थेट संबंध असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला दूरसंचार तंत्रज्ञान विकास निधी पाहावा. या दोन्ही ठिकाणी संशोधनाचा अंश लागतो. बाजारातील तयार उपकरणे जोडून डॅशबोर्ड बनवण्याचा प्रस्ताव तिथे टिकत नाही.

महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पर्वांत निवडलेल्या २४ नवउद्योगांना शासकीय विभागांत प्रयोग करण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्यात आले. कार्यादेश आणि अनुदान यांतला फरक अनेकांच्या लक्षात उशिरा येतो: काम करायचे, ते तपासून घ्यायचे, बिल सादर करायचे आणि मग रक्कम यायची. मधल्या काळातले पगार आणि उपकरणांचे पैसे कोठून येणार, याची तजवीज आधी नसेल, तर निवड होऊनही काम रखडते.

परदेशी संधींबद्दलही एक गैरसमज दूर करावासा वाटतो. क्लाउड, एज आणि आयओटीच्या पायलटसाठी शोध घेतला, की होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमाच्या मोठ्या प्रकल्पांतून लहान उद्योगांना दिल्या जाणाऱ्या, बहुधा ६० हजार युरोची मर्यादा असलेल्या मदतीच्या जाहिराती समोर येतात. भारतात नोंदलेली कंपनी त्या कार्यक्रमात आपोआप निधीपात्र नसते. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये कंपनी नोंदवलेल्या मराठी उद्योजकांना ही वाट खरोखर उपयोगी आहे. इथल्या कंपनीने मात्र पात्रतेचा परिच्छेद सर्वांत आधी वाचावा.

अंदाजपत्रक

कोटेशनमधील रक्कम करासह आहे की करावेगळी, हे न पाहता ती अंदाजपत्रकात उतरवली जाते. ८ लाखांच्या उपकरणांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये, आणि ही तूट नंतर कोणी भरून देत नाही. आपण कराची परतफेड घेत असू, तर तो कर खर्चात दाखवता येईल का, हे सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.

क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या संगणकसेवेच्या, खर्चात चूक होते ती संदेशांच्या संख्येची. ४० सेन्सर दर सेकंदाला एक संदेश पाठवत असतील, तर दिवसाला ३४ लाख ५६ हजार संदेश होतात. तेच एका मिनिटाची सरासरी पाठवू लागले, तर ५७,६००. कारखान्यातच ठेवलेला छोटा एज संगणक सेकंदाचे आकडे पाहून निर्णय घेतो आणि वर फक्त सरासरी व असाधारण घटना पाठवतो, हे एजच्या वापराचे सर्वांत पटणारे कारण आहे. तरीही प्रस्तावांत एज हा शब्द अनेकदा केवळ आकर्षक म्हणून येतो आणि हे साधे गणित तिथे नसते. क्लाउड कंपन्यांच्या मोफत क्रेडिटवर आखलेला खर्चही धोक्याचा आहे. त्या क्रेडिटला मुदत असते, आणि ती संपल्यानंतरचे मासिक बिल प्रस्तावात लिहिलेले असेल, तर समितीचा विश्वास वाढतो.

बसवल्यानंतरच्या अडचणी

टप्प्याचा अहवाल अडण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. स्वस्त म्हणून घेतलेले टू-जी मॉड्यूल जिओच्या सिमवर चालत नाही, कारण त्या नेटवर्कची सुरुवातच फोर-जीपासून झाली. दुकानातून आणलेली व्यक्तीच्या नावावरची सिमकार्डे यंत्रांत घालणेही अयोग्य आहे. एका व्यक्तीला साधारण नऊच सिम मिळतात, आणि यंत्रांसाठी तेरा अंकी क्रमांकाची वेगळी एमटूएम (यंत्र ते यंत्र) सिम उपलब्ध आहेत.

लोरावॅनची (कमी विजेत दूरवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीची) उपकरणे बाहेरून मागवताना वारंवारता तपासावी. भारतात अशा कमी शक्तीच्या उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. युरोपसाठीची उपकरणे मुळात ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ वर बोलतात, म्हणजे आपल्या मर्यादेच्या जरा बाहेर, आणि अमेरिकेसाठीची तर ९०२ ते ९२८ मध्ये. आकडे इतके जवळचे आहेत की नजरचूक होतेच, म्हणून खरेदीपत्रावर भारताचा पट्टा स्पष्ट लिहून घ्यावा.

वीजमीटरकडून आकडे येत नसतील किंवा अधूनमधून तुटत असतील, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात. मीटरचे आकडे वाहून नेणाऱ्या आरएस-४८५ जोडणीच्या ए आणि बी तारा उलट लागल्या आहेत का. लांब वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक आहेत का. आणि ती वायर मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटून एकाच ट्रेमधून गेली आहे का. शक्तीचा आकडा उणे येत असेल, तर सीटी (वीजप्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) उलटा बसलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याच्यावरील बाण भाराच्या दिशेने हवा.

एक दोष मात्र आठवडेच्या आठवडे लपून राहतो. क्लाउडवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि दिवसाची बेरीजही त्याच घड्याळाने होते, त्यामुळे तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात असेल, तर तिचा शेवटचा दीड तास दुसऱ्या दिवसात मोजला जातो. सुपरवायझरच्या वहीतले नग आणि पडद्यावरचे युनिट जुळत नाहीत, मग कामगार यंत्रणेवर विश्वास ठेवणे सोडतात. साठवण जागतिक वेळेत राहू द्यावी, परंतु अहवालाचा दिवस कारखान्याच्या दिवसाप्रमाणे, म्हणजे सकाळी सात ते सात, बांधावा. इंटरनेट गेले असताना एज संगणकाने आकडे स्वतःकडे साठवून नंतर मूळ वेळेसह पाठवले पाहिजेत. याची चाचणी पहिल्याच दिवशी राउटर अर्धा तास बंद ठेवून करावी.

हिशेब आणि कागद

अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे. केंद्राच्या वित्तीय नियम २०१७ नुसार अनुदानावर मिळालेले व्याजही शासनाला परत करायचे असते, आणि चालू खात्यात सगळे पैसे मिसळले, की ते व्याज वेगळे काढणे अशक्य होते. विनियोग प्रमाणपत्राचा (पैसा कशावर खर्च झाला ते दाखवणाऱ्या कागदाचा) नमुना पहिल्याच दिवशी मागून घ्यावा आणि त्यातील खर्चाच्या शीर्षांप्रमाणेच बिले लावत जावे. एका शीर्षातील पैसा दुसरीकडे वळवायचा असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी. नंतर केलेला खुलासा क्वचितच मान्य होतो.

ज्या कारखान्यात किंवा शेतात पायलट होणार, त्याच्या मालकाकडून केवळ सहमतीपत्र घेऊन भागत नाही. उत्पादनाचे आकडे कोण, किती दिवसांनी देणार. पॅनेल उघडण्यासाठी यंत्रे कधी बंद ठेवता येतील. जमा झालेली माहिती कोणाची आणि ती समितीला दाखवता येईल का. मुदत संपल्यावर उपकरणे तिथेच राहणार की काढली जाणार, आणि राहिल्यास सिमचे व क्लाउडचे बिल कोण भरणार, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. त्या पानावर मेंटेनन्स पाहणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याची पाळीही असावी, कारण रात्री दोन वाजता गेटवेचा (सेन्सरचे आकडे पुढे पाठवणाऱ्या पेटीचा) दिवा विझला, तर तो पुन्हा लावणारा तोच असतो.