कादंबरीत राक्षसांची शिकार पुण्यात घडवताय? या चुका टाळा

सदाशिव पेठेत जुना वाडा पाडून इमारत उभी राहतेय, पायाच्या खड्ड्यातून मध्यरात्री काहीतरी वर येतं. इथपर्यंत झकास. मग नायक खिशातून चांदीची गोळी काढतो आणि सगळं मुसळ केरात. पेठेतल्या राक्षसाला चांदीचं भय कुणी शिकवलं? तो हयातीत चांदीच्या वाटीतच आमटी ओरपत असणार. परदेशी मालिकांमधलं सामान जसंच्या तसं उचललं की पहिला घोटाळा इथे होतो. आपल्याकडे अंगारा आहे, उतारा आहे, भंडारा आहे. ते वापरा, पण प्रत्येकाचा नियम आधी ठरवून घ्या. पहिल्या प्रकरणात चाललेला अंगारा शेवटच्या प्रकरणात का चालला नाही, हे लेखकाला माहीत हवंच.

दुसरी चूक म्हणजे राक्षस, भूत, पिशाच्च सगळ्यांची एकच खिचडी करणं. मुंज झाल्यावर पण सोडमुंज होण्याआधी गेलेला पोरगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. ब्रह्मसमंधाचा जीव राहून गेलेल्या वासनेत अडकलेला असतो. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा नुसती वाट चुकवतो. यातल्या प्रत्येकाला काहीतरी हवं आहे, आणि त्या हवं असण्यातच कथानक आहे. आणि कृपा करून वेताळाला खलनायक करू नका. तो भुतांचा राजा खरा, पण देवळातला देव आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारी मंडळी त्याला हात जोडून पुढे जातात. शिकाऱ्याने शिकारीआधी त्याची परवानगी मागायला जावं, त्याने ती नाकारावी, असा प्रसंग लिहून बघा.

शनिवारवाडा? शक्यतो नकोच. 30 ऑगस्ट 1773, नारायणराव पेशव्यांचा खून, ‘काका, मला वाचवा’ हे सगळं वाचकाला पाठ आहे. किंकाळी ऐकू आली की तो पान उलटतो. त्यापेक्षा वाड्याला पाणी कुठून यायचं ते पाहा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात जमिनीखालून नळ आणला, वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे, बांधले, पेठांमध्ये हौद केले. पुण्याच्या पोटातून जाणारी ही वाट तुमच्या गिऱ्ह्याची वाट पाहतेय.

आता खरं दुखणं. मधल्या दोनशे पानांत कादंबरी ढेपाळते. दर प्रकरणात नवा राक्षस, तीच मारामारी, आणि राक्षस आकाराने मोठा केला तरी काही हलत नाही. याचा उपाय पुण्याहून तासा-दीड तासावर जेजुरीला आहे. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांशी युद्ध केलं, चंपाषष्ठी त्याच विजयाची. पण हरलेल्या मणीने शरण येऊन वर मागितला आणि आज जेजुरीला त्याचीही पूजा होते. आपल्या परंपरेत दैत्य मेला म्हणून विषय मिटत नाही. त्याला जागा द्यावी लागते, मान द्यावा लागतो, वर्षातून एकदा आठवण ठेवावी लागते. ती जागा कोण देणार, कुणाच्या वाट्यातून? पेठेत चौरस फुटाचा भाव बघता हा प्रश्न कुठल्याही तलवारीपेक्षा जास्त रक्त आटवेल. बिल्डर, भाडेकरू, सोसायटीची सभा, सगळे आपोआप कथेत येतील.

राक्षसाची भाषा हा छोटा मुद्दा. दर वाक्यात ‘हे मूढ मानवा’ म्हणणारा राक्षस तिसऱ्या वाक्यापासून विनोदी होतो. तीनशे वर्षं पेठेत काढलेला राक्षस टोमणे मारेल.

शेवटची चूक कथेबाहेरही महागात पडणारी. झपाटलेल्या मुलीला खांबाला बांधून मिरचीची धुरी देणारा शिकारी नायक म्हणून रंगवू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यातच, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, 20 ऑगस्ट 2013 ला झाला. त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुमची कादंबरी आजच्या पुण्यात घडत असेल, तर हा कायदा तिच्यातही लागू आहे. त्यामुळे शिकाऱ्याची गाठ राक्षसाआधी चौकीतल्या हवालदाराशी पडू द्या, आणि हवालदाराचा भुतांवर काडीचाही विश्वास नसू द्या.