क्लस्टर सांभाळताना या चुका टाळा: डॅशबोर्ड हिरवागार आणि आत गोंधळ

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, प्रोमिथियस (मशीनचे आकडे गोळा करणारं टूल) टाकलं, ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारं) लावलं, तयार डॅशबोर्ड इम्पोर्ट केला, ४० पॅनल आलेत, आता काय बघू? अरे बाबा, काय बघायचं हे आधी ठरवतात, पॅनल नंतर लावतात. पण घाई सगळ्यांनाच.

माझी सगळ्यात नावडती चूक कॅसँड्रावाल्यांची (कॅसँड्रा म्हणजे अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर, मिळून चालणारा डेटाबेस; या नोडच्या गटालाच क्लस्टर म्हणतात). नोडची स्थिती दाखवणारी नोडटूल स्टेटस कमांड मारायची, सगळ्या ओळींपुढे यूएन दिसलं की क्लस्टर ठीक म्हणायचं. यूएन (अप, नॉर्मल) म्हणजे नोड चालू आहे आणि रिंगमध्ये, म्हणजे क्लस्टरच्या नोडच्या वर्तुळात, आहे, बास. त्याच्याकडचा डेटा बाकीच्यांशी जुळतो का, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

हे मी हात पोळून शिकलोय. आमच्या एका नोडचा मदरबोर्ड गेला, डिस्क मात्र ठणठणीत. रिप्लिकेशन फॅक्टर ३ (डेटाच्या तीन प्रती), रीड-राइट कोरमवर (तिघांतल्या दोघांनी उत्तर दिलं की पुरे), त्यामुळे युजरला काही कळलंपण नाही. अलर्ट तेवढा सारखा वाजायचा, म्हणून मीच अलर्टमॅनेजरमध्ये (अलर्ट पाठवणारं टूल) महिनाभराचा सायलेन्स टाकला, म्हणजे तो अलर्ट गप्प केला, आणि विसरून गेलो. पार्ट आला १४व्या दिवशी, नोड चालू केला, दोन मिनिटांत यूएन, सगळे खूश. कुणीतरी विचारलं की मधल्या डेटाचं काय, तर मी ऐटीत म्हणालो, हिंट्स आहेत ना (बंद नोडसाठी बाकीच्यांनी राखून ठेवलेले राइट), घेईल तो भरून. रात्री रीपर या टूलने ठरल्या वेळी रिपेअर (नोडमधला डेटा ताडून जुळवणं) चालवला, सकाळी बघितलं तर १०० टक्के पूर्ण. आणि दुपारी सपोर्टवाल्यांचा फोन, बंद केलेली अकाउंट परत लॉगिन होतायत म्हणून.

हिंट्स डिफॉल्टने फक्त ३ तास साठवतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. दुसरं म्हणजे कॅसँड्रात डिलीट केलं की रो लगेच उडत नाही, त्यावर टूमस्टोन (डिलीटची खूण) बसतो, आणि जीसी ग्रेसचा काळ, म्हणजे डिफॉल्ट ८,६४,००० सेकंद, १० दिवस, उलटला की कॉम्पॅक्शन (डेटाच्या फाइली एकत्र करून साफ करणं) तो टूमस्टोनपण काढून टाकू शकतं. आमच्या दोन नोडवरून रोही गेली आणि ती डिलीट केल्याची खूणही गेली. तिसरा नोड १४ दिवसांनी जुनी रो घेऊन उठला, त्या बिचाऱ्याला डिलीटचा पत्ताच नाही, आणि रिपेअरने ती रो इमानदारीत सगळीकडे वाटली. म्हणजे टूलने आपलं काम चोख केलं, गाढवपणा माझा. पुढचे तीन दिवस अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमधनं डिलीट शोधून परत मारत बसलो.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. नोड २ तास खाली राहिला की एक अलर्ट, म्हणजे हिंट्सची मुदत संपायच्या आत कळतं. ७ दिवस झाले की दुसरा, आणि त्याला सायलेन्स लावायला आमच्यात कुणालाच परवानगी नाही, मलापण नाही. १० दिवस उलटले तर जुन्या डेटासकट तो नोड उठवायचाच नाही, डेटा पुसून रिप्लेस म्हणून नव्याने बूटस्ट्रॅप करायचा, म्हणजे बाकीच्या नोडकडून डेटा भरून घ्यायचा. रीपरचं शेड्यूल ७ दिवसांवर ठेवतो आणि शेवटचा रिपेअर कधी संपला ते तारखेने बघतो, कारण नोड खाली असला की त्याच्या रेंजचे सेगमेंट (त्याच्या वाट्याच्या डेटाचे रिपेअरचे तुकडे) अडकून राहतात आणि कुणी बघत नाही. डिस्क वाचवायला जीसी ग्रेस एक दिवसावर आणणारे शॉर्टकटवाले भेटतात, त्यांना मी फक्त विचारतो, रिपेअर रोज पूर्ण होतो का. मग शांतता.

दुसरी चूक पॅट्रोनीवाल्यांची (पॅट्रोनी म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसचा क्लस्टर सांभाळणारं टूल). पोस्टग्रेस पॅट्रोनीच्या ताब्यात दिलंय, तरी सवयीने हाताने स्टॉप मारतात, पॅट्रोनी ते परत उठवतं, हे परत पाडतात, मग म्हणतात भुताटकी आहे. कॉन्फिग फाइल हाताने बदलतात आणि ती परत लिहिली गेली की चिडतात. एकदा कारभार दिला ना दुसऱ्याकडे, मग बदल पॅट्रोनीसीटीएल या त्याच्या कमांडच्या एडिट-कॉन्फिगनेच करा. मेंटेनन्सला पॉज करा, पण रिझ्यूम विसरलात तर ऑटो फेलओव्हर (दुसऱ्या नोडने आपोआप जागा घेणं) बंदच राहतो आणि प्रायमरी, म्हणजे मुख्य नोड, गेली की कुणीच पुढे येत नाही. मी दोन टर्मिनल उघडतो, एकात पॉज मारतो, दुसऱ्यात रिझ्यूम टाइप करून एंटर न मारता ठेवतो, आणि ती खिडकी बंद केल्याशिवाय जागेवरून उठत नाही. हसतात लोक, हसू देत.

बाकीच्या पटापट. एटसीडीचे (पॅट्रोनीसारखी टूल्स ज्यात क्लस्टरची स्थिती ठेवतात तो छोटा डेटाबेस) दोन नोड म्हणजे एकापेक्षा वाईट, कोणताही एक गेला की कोरम, म्हणजे बहुमत, गेला. चार लावून तीनपेक्षा जास्त काही मिळत नाही, दोन्हीकडे एकच नोड गेलेला चालतो. लेटन्सीची (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची) सरासरी बघू नका, पी९९ (९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ) बघा, आणि प्रत्येक नोडच्या पी९९ची सरासरी काढून तो क्लस्टरचा पी९९ म्हणून तर अजिबात दाखवू नका. प्रोमिथियस डेटाबेसच्याच मशीनवर ठेवलंत तर मशीनसोबत तेही जाणार, आणि अलर्ट आला नाही म्हणून तुम्ही खूश. त्याची हिस्टरी डिफॉल्टने १५ दिवसच राहते, मागच्या महिन्याचा ग्राफ मागायच्या आत रिटेन्शन वाढवा. कॅसँड्रात नवा नोड जोडला की जुन्यांवर क्लीनअप (आता दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला डेटा पुसणं) चालवा, तो आपोआप होत नाही. आणि डिलीट, कॉम्पॅक्शन सगळं करूनही डिस्क रिकामी होत नसेल तर नोडटूल लिस्टस्नॅपशॉट्स (डेटाच्या जुन्या स्नॅपशॉटची यादी) मारून बघा, हार्ड लिंकनी (त्याच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाने) जुन्या फाइली धरून ठेवलेल्या बहुतेक तिथेच सापडतील.