पहिला पेपर जर्नलच्या टेम्प्लेटमध्ये बसवताना

माझा पहिला पेपर चौथ्याच दिवशी परत आला. परीक्षकांपर्यंत तो पोहोचलाही नव्हता. डाळिंबाच्या सालीपासून केलेला कार्बन मिथिलीन ब्लू हा रंग पाण्यातून किती शोषतो, यावर मी दोन वर्षं घातली होती. सोलापुरात सालीला तोटा नाही, आणि रंगाईच्या सांडपाण्याचा प्रश्नही इथलाच. संपादकीय कार्यालयानं मात्र प्रयोगाबद्दल अवाक्षर न काढता तीन उणिवा कळवल्या. ओळींना क्रमांक नाहीत, तक्ते चित्र म्हणून चिकटवलेत, आकृत्यांतली अक्षरं वाचता येत नाहीत. मनाला फार लागलं. पण तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

मी अख्खा पेपर वर्डमध्ये लिहिला आणि शेवटच्या दोन रात्रींत लेटेक या मजकूर मांडायच्या प्रणालीतल्या, जर्नलच्या टेम्प्लेटमध्ये ओतला. पानं वाढतात म्हणून समास कमी केले, मथळ्यांखालची जागा कापली, आकृती अमुक परिच्छेदाखालीच हवी म्हणून झगडत बसले. लेटेकमध्ये आपण एवढंच सांगायचं असतं, की हा मथळा, हा सारांश, हे समीकरण. ते दिसेल कसं, हे जर्नलची क्लास फाइल, म्हणजे मांडणीचे नियम असलेली फाइल, ठरवते. शिवाय पेपर स्वीकारला गेला की प्रकाशकाकडे त्याची जुळणी पुन्हा होते, तेव्हा रात्र जागून सरकवलेली आकृती तिथे राहीलच असं नाही. म्हणून नव्यानं पीएचडीला लागलेल्यांना मी कळकळीनं सांगते, क्लास फाइलला हात लावू नका. तिच्यातले पर्याय वाचा. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या एलसआर्टिकल या क्लास फाइलमध्ये ‘रिव्ह्यू’ पर्याय दिला की ओळींतलं अंतर आपोआप वाढतं, आणि ओळींच्या क्रमांकांसाठी लाइननो पॅकेज आहे.

खरा वेळ आकृत्यांना द्या. एल्सेव्हियरच्या सूचनांत एका स्तंभाची आकृती ९० मिलिमीटर रुंद, पूर्ण रुंदीची १९०. मग आलेख काढतानाच ९० मिलिमीटरचा काढा आणि अक्षर ७ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका. मी पडदाभर मोठा आलेख काढला होता. स्तंभात बसताना तो आक्रसला आणि अक्षावरचे आकडे नुसते ठिपके झाले. आलेख पीडीएफ किंवा ईपीएस ठेवा, म्हणजे कितीही मोठा केला तरी फाटत नाही. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो असतील तर ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. रेषा फक्त रंगानं वेगळ्या ठेवू नका, चिन्हंही वेगळी द्या. बरेच जण छापून काळ्यापांढऱ्यातच वाचतात.

दुसरी जागा संदर्भांची. गूगल स्कॉलरवरून उचललेली नोंद तशीच टाकू नका, मूळ लेख उघडून पानं आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, ताडून पाहा. लेटेकमध्ये संदर्भांची यादी बिबटेक हा प्रोग्राम तयार करतो. त्याच्या अनेक शैली लेखांच्या नावातली मोठी इंग्रजी अक्षरं लहान करून टाकतात. माझ्या यादीत लँगम्यूर हे शास्त्रज्ञाचं नाव आणि सोलापूर दोन्ही लहान अक्षरानं सुरू झाले होते. अशा शब्दांना महिरपी कंसात ठेवायचं. संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. एकदा लेटेक, मग बिबटेक, मग दोनदा लेटेक चालवा. ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेक संपादकावर हे आपोआप होतं. तरीही प्रश्नचिन्ह राहिलं, तर बहुधा मजकुरात संदर्भाच्या नोंदीची खूण लिहिताना चुकली आहे.

आणि हो, सुरू करण्याआधी लेखकांसाठीच्या सूचना पूर्ण वाचा. हल्ली पुष्कळ जर्नल पहिल्या वेळी टेम्प्लेट मागतच नाहीत.

तीन आठवड्यांनी मी तो पेपर पुन्हा पाठवला. यावेळी परीक्षकांची पत्रं आली. पहिलाच प्रश्न होता, सालीचे कण किती बारीक केले होते?