पौंडांच्या देशात किलोचा हिशोब

पुण्यात वाढदिवसाला बेकरीत "एक पौंडाचा केक" सांगायचो, तेवढीच आपली पौंडाशी ओळख. अमेरिकेत मात्र भाजी, कणीक, बाळाचं वजन, सगळंच पौंडात. पाकिटावर 'एलबी' लिहिलेलं दिसेल, ते पौंडच. एक पौंड म्हणजे 453.6 ग्रॅम. त्याचे औंस 16, म्हणजे औंस साधारण 28 ग्रॅमचा.

तोंडी हिशोब सोपा आहे. पौंडांचे निम्मे करा, त्यातून दहावा हिस्सा काढा. 150 पौंडांचे निम्मे 75, साडेसात गेले, राहिले साडेसदुसष्ट किलो. खरा आकडा 68, म्हणजे बाजारापुरतं भागतं. उलट जाताना दुप्पट करून दहावा हिस्सा मिळवा: 60 किलोचे 132 पौंड. भेंडीच्या खोक्यावर 2.99 दिसलं तर तो पौंडाचा भाव. किलोला साडेसहा डॉलर पडतात.

मुलांच्या औषधाला मात्र हा अंदाज अजिबात चालवू नका. आमचा मुलगा दीड वर्षांचा असताना रात्री तापला. फोनवर नर्सने वजन विचारलं, मी घाईत नुसतं "बारा" म्हणालो. तिने पौंड धरले. वय ऐकल्यावर तिलाच शंका आली, तिने पुन्हा विचारलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. 12 किलो म्हणजे साडेसव्वीस पौंड! उलटी चूक झाली, पौंडांचा आकडा कुणी किलो धरला, तर औषध दुपटीहून जास्त जाईल. म्हणून आकड्यामागे किलो की पौंड हे प्रत्येक वेळी बोला. डॉक्टरांकडे वजन केलं की दोन्ही आकडे लिहून फ्रिजवर लावा. औषध बाटलीसोबत मिळालेल्या सिरिंजनेच, मिलिलिटर बघून द्या. घरातला चमचा नको. दुधाच्या बाटलीवरचा औंस वेगळा, तो वजनाचा नाही, मापाचा: साधारण 30 मिलिलिटर.

स्वयंपाकाला ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, आईच्या वहीतले "पाव किलो रवा" जसेच्या तसे वापरता येतात. तुपासाठी बिनमिठाचं बटर घ्या. एक पौंडाच्या खोक्यात चार कांड्या असतात, प्रत्येकी 113 ग्रॅमची. अर्धा किलो हवं असेल तर एक खोका आणि वर जेमतेम अर्धी कांडी.

भारतात जाताना बॅगेची मर्यादा 23 किलो किंवा 50 पौंड अशी लिहिलेली असते. पण 50 पौंड म्हणजे 22.7 किलोच. घरच्या काट्यावर बरोबर 23 भरलीत, तर इथल्या विमानतळावरच्या काट्यावर 50.7 पौंड दिसतील. साडेबावीसला थांबा.